पूल पाडायच्या आधी तो कागदावर उतरवताना

अमेरिकेत एखादा जुना पूल पाडून तिथं नवा बांधायचा असेल आणि त्या कामात फेडरल सरकारचा पैसा असेल, तर १९६६ च्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन कायद्याचं कलम १०६ लागू होतं. हे कलम पूल पाडूच नका असं सांगतं अशी बऱ्याच जणांची समजूत असते, तसं काही नाही. ते एवढंच म्हणतं की आधी थांबा, ही वास्तू ऐतिहासिक आहे का बघा, असेल तर राज्याच्या वारसा अधिकाऱ्यांशी बोला, दुसरा मार्ग निघतो का तपासा, आणि काहीच निघालं नाही तर निदान तिची नीट नोंद करून ठेवा. हा जो शेवटचा टप्पा आहे ना, नोंदीचा, ते आमचं काम. मी मूळची सांगलीची, सिव्हिल इंजिनियर, सध्या पेनसिल्व्हेनियात एका छोट्या फर्ममध्ये आहे, आणि मागे आम्ही एकोणिसाव्या शतकातल्या एका लोखंडी पुलाची नोंद केली त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पुलाचं आणि काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव देत नाही, कारण त्याचं पुढचं काम अजून चालू आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. १९३३ मध्ये मंदीत इथले आर्किटेक्ट लोक अक्षरशः रिकामे बसले होते, तेव्हा नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या चार्ल्स पीटरसन नावाच्या माणसाने प्रस्ताव मांडला की हजारभर बेकार आर्किटेक्टना दहा आठवडे काम द्या आणि देशातल्या जुन्या इमारती मोजून त्यांची ड्रॉइंग करून घ्या. त्यातून हॅब्स सुरू झालं, हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे. पण कारखाने, पूल, भट्ट्या, कालवे यांच्याकडे त्या नजरेनं बघायला अजून बराच काळ जावा लागला, १९६९ मध्ये पार्क सर्व्हिस, सिव्हिल इंजिनियर्सची संस्था आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिळून इंजिनियरिंगच्या वास्तूंसाठी हेअर, म्हणजे हिस्टॉरिक अमेरिकन इंजिनियरिंग रेकॉर्ड, हा वेगळा प्रोग्रॅम काढला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात मोहॉक आणि हडसन नद्यांच्या भागात पहिलं सर्वेक्षण झालं. हे सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा होतं, आज ४० हजारांहून जास्त वास्तू आहेत त्यात, आणि सगळ्यात भारी म्हणजे त्यावर कॉपीराइट नाही, कोणीही घरबसल्या उघडून डाउनलोड करू शकतं. मी कॉलेजात असताना रात्र रात्र तीच ड्रॉइंग बघत बसायचे.

आता आमचा पूल. एका क्रीकवर म्हणजे ओढ्यावर, एकच गाळा, साधारण शंभर फुटांचा, एकच गाडी जाईल एवढा रुंद. प्रॅट ट्रस, ट्रस म्हणजे लोखंडी दांड्यांचा त्रिकोणी जोडणीचा सांगाडा आणि प्रॅट म्हणजे १८४४ मध्ये ज्याचं पेटंट निघालं तो प्रकार, यात उभे मेंबर म्हणजे दांडे दाब घेतात आणि तिरपे मेंबर ताण घेतात. पण याची खरी मजा त्याच्या खांबांत, म्हणजे ट्रसच्या उभ्या मेंबरांत होती. ते फिनिक्स कॉलम होते. फिलाडेल्फियाजवळ फिनिक्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथल्या फिनिक्स आयर्न कंपनीच्या सॅम्युएल रीव्ह्जने १८६२ मध्ये हा कॉलम पेटंट केला. घडीव लोखंडाच्या गोलाईदार लांब पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन्ही कडांना बाहेर वळवलेली कॉलर, अशा चार, सहा किंवा आठ पट्ट्या संत्र्याच्या फोडींसारख्या एकमेकीला लावायच्या आणि कॉलरमधून रिव्हेट मारायचे, की झाला पोकळ गोल खांब. तेव्हा बिडाचे खांब सर्रास वापरायचे पण बीड ठिसूळ, आत कुठं पोकळी राहिली तर बाहेरून कळत नाही आणि एक दिवस अचानक तडकतं. घडीव लोखंड तसं दगा देत नाही, आणि सगळं मटेरियल मध्यापासून लांब, परिघावर असल्यामुळे कमी वजनात खांब वाकायला जबरदस्त विरोध करतो. दोष एकच आणि तो मोठा, एकदा रिव्हेट मारले की आत ब्रश जात नाही. आतून गंज किती लागलाय हे शंभर-सव्वाशे वर्षं कोणी बघितलेलंच नसतं.

काउंटीला पूल नको होता, आणि त्यांची भीती खोटी नव्हती हे मी आधीच सांगते. खालच्या बाजूला ताण घेणाऱ्या ज्या आयबार असतात, दोन्ही टोकांना भोक असलेल्या चपट्या पट्ट्या, त्या प्रत्येक खणात दोनदोनच होत्या. १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज एका आयबारच्या तड्यामुळे कोसळला आणि ४६ माणसं गेली, तिथंही जोडीनंच बार होते, एक गेल्यावर दुसऱ्याच्या भरवशावर काही उरलं नाही. त्यानंतरच देशभर पुलांच्या नियमित तपासणीचे नियम आले आणि तपासणी आल्यावर असे हजारो जुने पूल कागदोपत्री नापास झाले. आमच्या पुलावरून फायर इंजिन नेता येत नव्हतं, स्कूल बस लांबचा वळसा घालून जायची, तर तिथं राहणाऱ्या माणसानं काय करायचं? सांगलीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलंय हे आम्ही परीक्षेच्या मार्कांपेक्षा जास्त काळजीनं ऐकलेलं आहे.

मोजमाप मार्चमध्ये सुरू केलं. हे मुद्दाम, झाडांना पानं फुटायच्या आत, नाहीतर एप्रिलनंतर काठावर पॉयझन आयव्ही ही अंगाला लागली की पुरळ उठवणारी वेल माजते, टिक म्हणजे गोचीड चावायचं भय असतं, आणि फोटोत पुलाऐवजी झाडच जास्त येतं. जुना रंग शिशाचा असतो त्यामुळे हातमोजे, मास्क, पापुद्रा खरवडायचा नाही, साइटवर काही खायचं नाही, घरी जायच्या आधी बूट बदलायचे. मोजायची पद्धत साधी वाटते पण तिच्यात शिस्त लागते. एका टोकाला शून्य धरायचं, टेप शेवटपर्यंत ताणायची आणि प्रत्येक जॉइंटचं अंतर त्या एकाच शून्यापासून वाचत जायचं, एक खण मोजला मग पुढचा खण मोजला असं तुकड्या तुकड्यानं करायचं नाही, कारण प्रत्येक तुकड्यात सोळांश इंचाचा फरक पडला तरी शेवटी बेरीज केल्यावर पूल आहे त्यापेक्षा लांब किंवा आखूड निघतो. जॉइंटना नावं असतात, खालचे एल-०, एल-१, एल-२ आणि वरचे यू-१, यू-२ असे, आणि प्रत्येक माप त्या नावासकट ग्राफ पेपरवर, आकृती काळ्या पेनात आणि मापं लाल. एक माणूस माप ओरडून सांगतो, दुसरा लिहितो आणि परत मोठ्यानं वाचून दाखवतो. हे कच्चे कागदसुद्धा शेवटी लायब्ररीत जातात, म्हणजे पुढं कोणाला आमच्या ड्रॉइंगची शंका आली तर मूळ आकडा बघता यावा.

सगळ्यात जास्त वेळ गेला खालच्या पिनांपाशी. या पुलात जॉइंटला रिव्हेट नाहीत, एक जाड गोल पिन आहे, आणि तिच्यावर सगळे मेंबर ओवलेले आहेत, खालच्या कॉर्डच्या म्हणजे ट्रसच्या खालच्या आडव्या कडेच्या आयबार, तिरपे बार, खांबाचा पाया, रस्त्याखालची आडवी तुळई टांगणारा हँगर, मधे मधे वॉशरसारख्या रिंगा, आणि दोन्ही टोकांना नट. कोण कोणाच्या बाहेर, कोण आत, याला पॅकिंग म्हणतात आणि हा क्रम मनाला येईल तसा लावलेला नसतो, पिन वाकू नये म्हणून ताण ओढणाऱ्या पट्ट्या शेजारीशेजारी उलट दिशेच्या येतील अशा बसवलेल्या असतात. मी वेडर, म्हणजे छातीपर्यंतची वॉटरप्रूफ विजार, घालून कमरेइतक्या गार पाण्यात शिडी धरून उभी, डोक्यावर टॉर्च, आणि एल-२ च्या त्या फटीत कॅलिपरचं टोक घालून एकेक पट्टीची जाडी आणि मधलं अंतर वाचतेय. वरून खाली बघितलं तर तिथं फक्त चिखल, पक्ष्यांच्या घरट्याची काडी-कचरा आणि गंज दिसतो. मऊ ब्रशनं तो हळूहळू बाजूला केला तेव्हा लक्षात आलं की या एकाच जॉइंटवर वरच्या प्रवाहाच्या बाजूला पट्ट्यांचा क्रम बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा आहे आणि तिरप्या बारांपैकी एक बार चौकोनी नसून गोल सळई आहे, मधे टर्नबकल म्हणजे फिरवून ताण कमीजास्त करायचा जोड टाकलेला आणि टोकाचा डोळा वेल्डिंग केलेला. एकोणिसाव्या शतकात पुलाच्या कामात असं वेल्डिंग नव्हतं. म्हणजे कधीतरी, बहुतेक एखादी गाडी धडकून, मूळ बार गेला आणि कोणीतरी स्थानिक वर्कशॉपमध्ये हा बनवून बसवला, आणि बसवताना रिंगा जशा मिळाल्या तशा घातल्या. ती दुरुस्ती करणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदात सापडलं नाही. मला मात्र त्याचं काम इतकं जवळून बघायला मिळालं की त्यानं शेवटचा नट पूर्ण बसत नाही म्हणून पिनेच्या आट्यांवर कानस मारलेली सुद्धा दिसत होती.

लेझर स्कॅन आम्ही केलाच, मी काही त्याच्या विरोधात नाही, एका दिवसात पुलाचे कोट्यवधी पॉइंट येतात आणि उंची, वाक, झुकाव यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण हल्ली क्लायंट लोक म्हणायला लागलेत की स्कॅन झाला म्हणजे डॉक्युमेंटेशन झालं, आणि हे मला अजिबात पटत नाही. स्कॅनरला पॅकिंगच्या फटीत आतलं दिसत नाही. त्याला बीड आणि घडीव लोखंड यातला फरक कळत नाही, वेल्डिंगचा फुगवटा त्याला गंजाच्या फुगवट्यासारखाच. ड्रॉइंग करताना माणसाला प्रत्येक रेषेला ठरवावं लागतं की ही कड कशाची, ती खरी आहे की नंतर आलेली, ती दाखवायची का, आणि ते ठरवायला त्या वस्तूला हात लावावाच लागतो.

इतिहासाचा भाग अर्धा काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये आणि अर्धा डेलावेअरमध्ये सापडला. पेनसिल्व्हेनियात तेव्हा पूल हवा असेल तर गावकऱ्यांनी क्वार्टर सेशन्स कोर्टात अर्ज करायचा, मग कोर्ट व्ह्यूअर म्हणजे पाहणी करणारे लोक नेमायचं, ते जागेवर जाऊन रिपोर्ट द्यायचे की पूल गरजेचा आहे का आणि टाउनशिपला खर्च झेपेल का. हे सगळं ब्रिज डॉकेटच्या भल्यामोठ्या चामडी बांधणीच्या वह्यांत हातानं लिहिलेलं असतं. आमच्या पुलाचा अर्ज मिळाला, खाली सह्या, त्यात गिरणीवाला, शेतकरी, एक डॉक्टर, आणि कारण दिलंय की पाणी चढलं की दाणे दळायला नेता येत नाहीत. एवढ्या साध्या कारणासाठी केवढी देखणी वस्तू उभी राहिली. आणि देखणी होतीच, एंट्रीच्या वर बिडाची नक्षीदार जाळी आणि कोपऱ्यात छोटे कळस. त्या काळात पुलाच्या कंपन्या छापील डिझाइन दाखवून ऑर्डर घ्यायच्या, सगळे भाग कारखान्यात तयार होऊन रेल्वेनं यायचे आणि जागेवर फक्त पिना घालून जोडायचे, रिव्हेट मारणारी कुशल माणसं खेड्यापाड्यात न्यायची गरजच नाही. फिनिक्सच्याच कॉलमवर १८८२ मध्ये उत्तर पेनसिल्व्हेनियात ३०१ फूट उंचीचा किन्झुआ रेल्वे व्हायाडक्ट म्हणजे दरीवरचा पूल ९४ कामाच्या दिवसांत उभा राहिला होता, आजही ऐकून विश्वास बसत नाही.

डेलावेअरमधलं विल्मिंग्टनजवळचं हॅग्ली, ड्यू पाँच्या जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या आवारातली लायब्ररी, तिथं फिनिक्स कंपनीचे कागद आहेत. तिथल्या रीडिंग रूममध्ये बसून त्या कंपनीची जुनी ड्रॉइंग बघताना माझ्या अंगावर काटा आला होता, कारण मी जे पाण्यात उभी राहून उलट्या बाजूनं शोधत होते ते तिथं कोणीतरी शाईनं सुलट काढून ठेवलं होतं, तेच पिन, तेच पॅकिंग. किन्झुआचं शेवटचं काय झालं तेही आमच्या कामाशी जोडलेलं आहे. १९०० मध्ये तो स्टीलमध्ये पुन्हा बांधला पण पायातले १८८२ चे अँकर बोल्ट तसेच ठेवले, आणि २००३ च्या जुलैमध्ये वादळात त्याचे निम्म्याहून जास्त टॉवर आडवे झाले तेव्हा चौकशीत ते गंजलेले बोल्टच सापडले. म्हणून आमच्या टीमलीडचा आग्रह असतो की पुलाच्या पायापाशी, बेअरिंगपाशी म्हणजे पूल जिथं टेकतो तिथं, जिथं माती आणि पानांचा खच साठतो तिथं सगळ्यात आधी मोजा.

फोटो काढायला वेगळा फोटोग्राफर येतो. मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा, चार बाय पाच इंचाची ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह. २१ व्या शतकात हे कशाला असं मलाही आधी वाटायचं, पण हेअरचा निकष आहे की नोंद पाचशे वर्षं टिकली पाहिजे, आणि नीट धुतलेली निगेटिव्ह कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय उजेडात धरली की दिसते. त्या कॅमेऱ्यात लेन्स वरखाली सरकवता येते त्यामुळे पुलाच्या उभ्या रेषा फोटोत उभ्याच राहतात. एका फोटोत मोजपट्टी ठेवतात. ढगाळ उजेडासाठी आम्ही तासन् तास थांबायचो, कारण ऊन असलं की ट्रसची सावली ट्रसवरच पडते आणि कुठली पट्टी खरी तेच कळत नाही.

मग ड्रॉइंग. ऑफिसात महिने गेले, त्यातलं बरंचसं कंटाळवाणं आहे ते सोडते. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन झाल्यावर मी हट्ट धरला की एल-२ चा जॉइंट सुटा करून दाखवणारं एक वेगळं शीट हवं, सगळे भाग पिनेच्या रेषेत एकामागे एक ओळीनं उलगडून ठेवलेले, आणि प्रत्येकाला नाव. काउंटीकडून घाई होती, एवढं कशाला, पाडायचाच आहे, असं म्हणणं होतं. टीमलीड माझ्या बाजूनं उभी राहिली. शीटवर नुसतं आकड्यांत स्केल लिहून भागत नाही, पट्टीचं स्केलही काढावं लागतं, कारण पुढं कोणी लहान करून छापलं तर लिहिलेलं स्केल खोटं ठरतं आणि पट्टी ड्रॉइंगबरोबर लहान होते. शेवटी सगळं मायलरवर, म्हणजे टिकाऊ प्लास्टिक फिल्मवर.

माझं एक म्हणणं आहे आणि ते मी मीटिंगमध्येही बोलते, की ही नोंद निर्णयाच्या आधी व्हायला हवी. आज बहुतेक वेळा पाडायचं ठरतं आणि मग अट म्हणून नोंद होते. पण पुलाबद्दल सगळ्यात जास्त कळतं ते मोजताना, आणि तोपर्यंत निर्णय झालेला असतो. १९८७ च्या एका फेडरल कायद्यानं अशी सोय आहे की ऐतिहासिक पूल पाडायच्या आधी तो कोणी घेतो का हे विचारावं लागतं आणि पाडायला जेवढा खर्च आला असता तेवढी मदत घेणाऱ्याला देता येते. आमच्या पुलाची तशी जाहिरात निघाली होती, कोणी पुढं आलं नव्हतं, कारण जाहिरातीत एक अंधुक फोटो आणि लांबी-रुंदी एवढंच. आमची शीट्स तयार झाल्यावर तीच माहिती परत गेली, सोबत तो उलगडलेला जॉइंट, आणि मग चालायच्या-सायकलच्या वाटा म्हणजे ट्रेल तयार करणाऱ्या एका गटानं विचारलं की हे पिना काढून सोडवता येतं म्हणजे परत जोडता पण येईल ना. येतं. चालणाऱ्यांचं आणि सायकलींचं वजन तो सहज घेईल. मुंबईत १८६८ चा कारनॅक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठा ब्लॉक घेऊन पाडला तेव्हा मी इथं रात्री जागून व्हिडिओ बघत होते, गॅस कटरनं गर्डर कापून उचलत होते, आणि मनात तेच येत होतं की यातले जॉइंट कोणी जवळून बघितले असतील का.

आमचा पूल कापला नाही. क्रेननं दोन्ही ट्रस आडव्या करून काठावर घेतल्या, नट तापवून सोडवले, पिना ठोकून बाहेर काढल्या, आणि प्रत्येक भागाला पत्र्याचा टॅग, त्यावर आमच्याच ड्रॉइंगमधलं नाव. एल-२ उघडला तेव्हा मी हजर होते, क्रम आमच्या शीटवर होता तसाच निघाला आणि ठेकेदाराच्या माणसानं शीटवर बोटानं एकेक खूण करत पट्ट्या रचून ठेवल्या. सगळं आता एका यार्डात लाकडी ठोकळ्यांवर आहे, ट्रेलवाल्यांची पैशाची जमवाजमव चालू आहे, ती पूर्ण होईल का हे आत्ता कोणी सांगू शकत नाही.

एक खांब मात्र खालून फाटलेला होता म्हणून त्याचे रिव्हेट काढून तो उघडला, आणि फिनिक्स कॉलमची आतली बाजू मला पहिल्यांदा दिसली. वरचा बहुतेक भाग धड होता, चकित व्हावं इतका. खालच्या हातभर भागात पाणी साठून गंजाचे थरच्या थर, बोटानं सुटत होते. आम्ही बाहेरून अल्ट्रासाउंडनं जी जाडी घेतली होती ती वरच्या भागाला बरोबर जुळली, खाली गंजामुळे यंत्राला नीट वाचताच आलं नव्हतं, तिथं आता कॅलिपर लावून खरे आकडे घेतले. लायब्ररीतल्या नोंदीला पुरवणी जोडता येते, तशी एक करतोय, त्या एका खांबाची. तिचं शीट सध्या टीमलीडच्या टेबलावर आहे, आतली बाजू पूर्ण मापात काढायची की अर्ध्या, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.